शनिवार-रविवारी इंजिन उघडण्यापूर्वी: मारुती 800 साठी तयारीची यादी

मारुती 800 चे इंजिन मित्राच्या साथीने, फक्त शनिवार-रविवारी, घरीच उतरवून पुन्हा बांधायचे असे ठरले, तर पाने आणि सॉकेट मोजण्याआधी काम कुठे कुठे थांबवता येईल हे ठरवावे. गॅरेजमध्ये हेच काम सलग चालते. आपले काम मात्र दर रविवारी संध्याकाळी जिथे असेल तिथे पुढचे पाच दिवस पडून राहते, आणि तेवढ्यात ताज्या बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) गंजाची छटा येते, कोणता बोल्ट कुठला हे विसरायला होते आणि उघड्या भागांवर धूळ बसते. म्हणून पुढची प्रत्येक बाब ‘हे रविवारी रात्री कोणत्या अवस्थेत सोडता येईल?’ या प्रश्नाला धरून लिहिली आहे.

हे इंजिन पहिल्या प्रयत्नासाठी चांगले आहे. 796 सीसी, तीन सिलिंडर, 68.5 मिमी बोअर, 72 मिमी स्ट्रोक, कार्बुरेटरच्या मॉडेलमध्ये एकूण सहा व्हॉल्व्ह आणि डोक्यावर एकच कॅमशाफ्ट. उघडून मांडले तर एका मोठ्या टेबलावर मावेल इतकाच पसारा. गाडी 1983 पासून 2014 पर्यंत बनत राहिली आणि हेच इंजिन ओम्नीतही बसले, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात.

सर्वांत आधी इंजिन खरोखर उघडायला हवे का, हे तपासावे. त्यासाठी कॉम्प्रेशन गेज आणावा, इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढावेत, इग्निशन कॉइलची वायर सोडवावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवावा. ज्याचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग आणि बोअर झिजले आहेत. वाढला नाही तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटवर जातो. बराच वेळ उभी असलेली गाडी सुरू करताना तेवढ्यापुरता निळा धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात आणि फक्त हेड उतरवून भागते. उत्साहाच्या भरात खालचे इंजिनही उघडण्याचा मोह होतो, पण आकडे ठीक असतील तर तो आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांचे काम थोडे आहे, पण आधीच उरकावे. ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही ते पाहून त्याचा फोटो काढावा, कारण ब्लॉकच बदलण्याची वेळ आली तर आरटीओकडे नोंद करावी लागते. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख काम संपण्याच्या आधी येत नाही ना, हेही बघावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर लेखी परवानगी घ्यावी आणि त्या अर्जात गाडी काही महिने हलणार नाही हे स्वच्छ नमूद करावे.

जागा सपाट, छताखालची आणि कुलूप लावता येईल अशी असावी. गाडीखाली जायचे असेल तेव्हा ती जॅक स्टँडवर उभी असली पाहिजे. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर किंवा विटांच्या थरावर कधीही नाही. इंजिन आडवे बसवलेले आहे आणि गिअरबॉक्ससह वर उचलून काढणे सोयीचे पडते, म्हणून भाड्याने मिळणारी इंजिन क्रेन किंवा तिपाई आणि चेनपुली यांची सोय करावी. पार्किंगच्या छतातल्या कुठल्याही हुकाला चेनपुली लावू नये, तो हुक कशासाठी बसवला होता हे कोणालाच ठाऊक नसते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवणे, कूलंट, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल काढणे, पेट्रोलची नळी बंद करणे ही कामे पहिल्याच शनिवारी सकाळी करावीत. त्यासाठी झाकणाचे डबे आणि एबीसी प्रकारचे अग्निशामक नळकांडे जवळ ठेवावे. काढलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. ते चवीला गोड असते आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतते.

हत्यारांत 10, 12, 14 आणि 17 मिमीचे सॉकेट सर्वांत जास्त लागतात आणि ते चांगल्या प्रतीचेच घ्यावेत. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा पाना), फीलर गेज (बारीक फटी मोजण्याच्या पातळ पट्ट्या), रिंग बसवण्याचा पट्टा आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचा क्लॅम्प हेही विकत घ्यावेत. मायक्रोमीटर आणि बोअर गेज ओळखीच्या माणसाकडून उसने मिळाले तर उत्तम. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे, आणि जुन्या बाजारात चांगले जुने पाने मिळतात, पण मोजमापाची साधने तिथून घेऊ नयेत. सर्व्हिस मॅन्युअल आपल्याच मॉडेलचे मिळवावे आणि त्यातील टॉर्कचे आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये (kg-m) आहेत की न्यूटन-मीटरमध्ये, याची खात्री करावी. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर, आणि या गफलतीत बोल्ट तुटतो.

खुणा करण्याची तयारी हत्यारांइतकीच महत्त्वाची आहे. झिपच्या पिशव्या, पक्की शाई असलेला मार्कर आणि जाड पुठ्ठा आणावा. पुठ्ठ्यावर हेडची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागी खोचून ठेवला की लांबी-रुंदीचा घोळ होत नाही. व्हॉल्व्ह आणि रॉकरही सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. कनेक्टिंग रॉडच्या कॅप आणि चारही मेन बेअरिंगच्या कॅप यांची अदलाबदल करायची नसते, कारण त्या आपापल्या जागी बसवूनच गोल केलेल्या असतात. काढण्याआधी क्रमांक आणि बाणाची दिशा यांचे फोटो घ्यावेत. एकाने खोलावे आणि दुसऱ्याने लिहावे, ही वाटणी पहिल्या दिवसापासून पाळावी. दोघेही खोलायला लागले की वही कोरी राहते.

मित्राशी पैशाचे बोलणेही याच यादीत येते. गाडी एकाची असेल तर सुट्या भागांचा सगळा खर्च त्याचा, हत्यारे ज्याने घेतली त्याची, आणि मित्राच्या हातून काही तुटले तरी भरपाई गाडीवाल्याचीच, असे आधी ठरले तर पुढे अवघडलेपण येत नाही. कोणते शनिवार-रविवार लग्नकार्यात किंवा गावी जाण्यात जाणार आहेत, ते कॅलेंडरवर दोघांनी मिळून खोडावे.

सर्वांत जास्त विचार मशीन शॉपचा (बोअर आणि क्रँक मापात घासून देणाऱ्या कारखान्याचा) करावा, कारण सगळ्या कामाचे वेळापत्रक तिथे ठरते. बरीच मशीन शॉप रविवारी बंद असतात. म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि हेड शनिवारी सकाळी पोहोचवता येतील अशा बेताने आदल्या रविवारी इंजिन पूर्ण खोललेले हवे. तत्पूर्वी आपण स्वतः मोजावे: प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, दर ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी, म्हणजे तीन सिलिंडरचे अठरा आकडे. हेड वाकले आहे का हे कळण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून पाहावा. हे आकडे घेऊन कारागिराशी बोलले की त्याचा आपल्याशी बोलण्याचा सूर बदलतो. सुटे भाग मात्र मोजमाप झाल्याशिवाय घेऊ नयेत. बोअर करायचे ठरले तर 0.25 की 0.50 मिमी मोठे पिस्टन लागतील हे नक्की करून पिस्टन आधी आणावेत आणि ते ब्लॉकसोबत द्यावेत, कारण बोअर हातातल्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो. क्रँक घासल्यावर बेअरिंग शेलही त्याच मापाचे घ्यावे लागतात. हेड ॲल्युमिनियमचे आहे, त्यामुळे ते कॉस्टिक सोड्याच्या टाकीत जाणार नाही, हे बजावून सांगावे.

ब्लॉक परत येईल त्या दिवसासाठी गरम पाणी, साबण, लांब ब्रश आणि पांढऱ्या सुती कापडाचा गठ्ठा तयार ठेवावा. होनिंगची (बोअर दगडाने घासण्याची) बारीक कणी रॉकेलने किंवा डिझेलने पूर्ण निघत नाही, ती साबणाच्या पाण्यानेच निघते. पांढरे कापड बोअरमधून स्वच्छ बाहेर येईपर्यंत धुवावे, लगेच कोरडे करून ऑइल लावावे आणि मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. पावसाळ्यात तर यात तासाभराचीही दिरंगाई चालत नाही.

जुळणी दोन आठवड्यांत विभागावी. पहिल्यात क्रँक, बेअरिंग आणि पिस्टन. दुसऱ्यात हेड, टायमिंग बेल्ट आणि बाकीचे. रिंगचे गॅप बोअरमध्ये घालून मोजणे हे शनिवारचे काम, पिस्टन बसवणे रविवार सकाळचे. हेडचे बोल्ट घट्ट करायला घेतले की मधून बाहेर, ठरलेल्या टप्प्यांनी, एका बैठकीत संपवावे. एकाने आकडा वाचावा, दुसऱ्याने आवळावे आणि झालेल्या बोल्टवर रंगाचा ठिपका द्यावा. लिक्विड गॅस्केट लावल्यावरही थांबता येत नाही. दुपारी चारनंतर यातले काहीही सुरू करू नये.

इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यासाठी शनिवारची सकाळच निवडावी, म्हणजे गळती निघाली तर रविवार हाताशी राहतो. नवे ऑइल, नवा फिल्टर आणि ताजे कूलंट भरून, प्लग काढून आणि कॉइलची वायर सोडवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवावा. मगच प्लग लावावेत, प्लगच्या वायरी 1-3-2 या क्रमाने जोडल्या आहेत हे पुन्हा पाहावे आणि इंजिन सुरू करावे. त्या वेळी एक जण चावीपाशी आणि दुसरा टॉर्च व अग्निशामक घेऊन बॉनेटपाशी असावा. काढलेले जुने ऑइल नाल्यात ओतण्याऐवजी अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाईल असे बघावे. पहिली फेरी घराच्या आसपासच मारावी आणि मित्राने दुसऱ्या गाडीत टो करण्याचा दोर घेऊन मागे यावे.