गळू, ताप आणि उरलेल्या गोळ्या : शरीर जंतूंशी लढत असताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एक काका मान वाकडी करून आमच्या लॅबच्या काउंटरवर आले. मानेच्या मागे लिंबाएवढी सूज, तिच्यावर चाळणीसारखी चार-पाच भोकं, प्रत्येकातून पू. काळपुळी. वर चुना-गुळाचा लेप वाळून खपली झालेला. "ताई, तीन दिवस दाबून पू काढतोय, तरी ठणका कमी होईना." पोटात मुलाच्या सर्दीतून उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी पुवाचं कल्चर (जंतू उगवून बघायची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि साखर लिहून दिली होती. साखर आली 386.

मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियन आहे. पण लोक ज्या चुका करतात त्यांचा निकाल आमच्या काचपट्टीवर दिसतो. काकांच्या या एका चिठ्ठीत जवळपास सगळ्याच चुका एकत्र आल्या होत्या, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

गळू दाबणं

पुवाचा थेंब काचेवर पसरून रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला की दिसतं ते असं : जांभळ्या मण्यांचे द्राक्षासारखे घोस, म्हणजे स्टॅफिलोकॉकस. आणि त्यांच्याभोवती गुलाबी पेशींची नुसती गर्दी. काही पेशींच्या पोटात तेच जांभळे मणी. बऱ्याच पेशी फाटलेल्या, विरघळलेल्या. या न्यूट्रोफिल, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. पू म्हणजे घाण नव्हे. कामावर मेलेल्या या पेशी, मेलेले-अर्धमेले जंतू आणि विरघळलेलं मांस, एवढंच ते.

कातडीत जंतू शिरला की तिथे आधीपासून बसलेल्या मोठ्या भक्षक पेशी सगळ्यात आधी हाक देतात. आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. वाहत्या रक्तातल्या न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीला चिकटून घरंगळतात, भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूच्या वासावर चालत जातात. जंतू गिळला की त्याच्यावर आतल्या आत क्लोरीनचं एक आम्ल सोडतात. आपण पांढरे कपडे ज्या ब्लीचमध्ये भिजवतो, त्याच्याच जातीचं. पुवाला हिरवट झाक येते तीही हे आम्ल बनवणाऱ्या एन्झाइमच्या रंगामुळे. काही न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकवतात. हे 2004 साली कळलं. त्याआधी आम्ही स्लाइडवरचे ते धागे कचरा समजत होतो.

हे सगळं चालू असताना गळवाभोवती एक भिंत तयार होते. ती आतला माल आत ठेवते. दोन अंगठ्यांनी दाबलं की थोडा पू बाहेर येतो, मन शांत होतं, पण तेवढ्याच जोरानं भिंत आतल्या बाजूनंही फुटते आणि जिवंत जंतू शेजारच्या चांगल्या मांसात ढकलले जातात. नाक आणि वरचा ओठ यांच्या आसपासची फोडं तर अजिबात दाबू नयेत. तिथल्या शिरांचा संबंध थेट कवटीच्या आतल्या शिरांशी आहे.

मग करायचं काय? स्वच्छ फडका गरम पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चार वेळा. शेकानं तिथे रक्त जास्त येतं, म्हणजे पेशीही जास्त येतात. गळू आपसूक फुटलं तर ठीक, नाहीतर डॉक्टर चीर देऊन मोकळं करतात. पू साठलेल्या पोकळीला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे नुसत्या गोळ्या फारशा पोचत नाहीत. "चिरायला नको, गोळी द्या" असा हट्ट बरेच जण धरतात. तो सोडा. आणि चुना? चुना कातडी भाजतो. जी कातडी जंतूंना बाहेर ठेवते तिलाच भाजून जंतू मारायला निघणं म्हणजे चोर पकडायला दार तोडण्यासारखं आहे.

अवधाण आलं म्हणून घाबरणं, किंवा ते चोळणं

पायाला काटा लागला की दोन दिवसांनी जांघेत गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात. आजी लोक जाणतात की गाठ जांघेत असली तरी शोध पायात घ्यायचा. ते अगदी बरोबर आहे. पायातून वाहत आलेला द्रव त्या गाठीत गाळला जातो, जंतूंचे तुकडे तिथल्या पेशींना दाखवले जातात, आणि ज्यांना तो तुकडा ओळखता येतो त्या पेशी झपाट्यानं वाढतात. गाठ त्यामुळे फुगते. तिला तेल लावून चोळण्यानं काहीच साधत नाही. जखम बरी झाली की ती हळूहळू उतरते. महिनाभर उतरली नाही, दुखत नसताना वाढत गेली किंवा सोबत वजन घटायला लागलं, तर मात्र तपासून घ्या. मानेतल्या अशा गाठींत क्षय निघालेला आम्ही अनेकदा पाहतो.

रक्त चुकीच्या दिवशी देणं

हा माझ्या रोजच्या वैतागाचा विषय, म्हणून जरा लांबणार.

काल ताप आला, आज लॅबमध्ये. "विडाल करा, टायफॉइडचे अंश आहेत का बघा." विडाल जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, मोजते. ती मोजण्याइतकी तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी खरा टायफॉइड असला तरी विडाल निगेटिव्ह येऊ शकते. आणि पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल किंवा लस घेतली असेल, तर आजचा ताप डेंग्यूचा असतानाही ती पॉझिटिव्ह दिसू शकते. "अंश निघाले" म्हणून दर पावसाळ्यात टायफॉइडचा कोर्स करणारी घरं मला माहीत आहेत. टायफॉइडचा संशय असेल तर पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर हीच भरवशाची तपासणी. आणि तिचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी द्यायचा. काकांनी आधीच तीन गोळ्या घेतल्या होत्या. त्यांच्या पुवात जंतू दिसले, पण प्लेटवर जेमतेम उगवले, आणि कोणतं औषध त्यांना लागू पडेल हे सांगायला आम्हाला एक दिवस जास्त लागला.

दुसरी गोष्ट, सीबीसीचा रिपोर्ट मोबाइलवर आला की स्वतःच निदान करणं. पांढऱ्या पेशी साधारण 4,000 ते 11,000 असतात. जंतुसंसर्गात अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर, घाईनं माल पाठवते आणि आकडा वाढतो. एरवीही ती रोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल बनवते, कारण त्यांचं आयुष्य फार थोडं असतं. घाई जास्त झाली की अपुऱ्या वाढीच्या, वळलेल्या दोरीसारख्या केंद्रकाच्या पेशीही रक्तात दिसू लागतात. पण स्टिरॉइडच्या गोळ्या, गरोदरपण, जोराचा व्यायाम यांनीही हा आकडा चढतो. उलट टायफॉइडमध्ये तो बरेचदा वाढतच नाही, कधी घटतो. स्लाइडवर इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) एकही सापडेना तेव्हा जुने टेक्निशियन "टायफॉइड बघा" असं पुटपुटत. म्हाताऱ्या माणसाला गंभीर संसर्ग असून आकडा खाली आला, तर ते चांगलं लक्षण समजू नका. मज्जेला पुरवठा झेपत नाही असाही त्याचा अर्थ असतो.

आणि तापात असताना फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाची तपासणी शक्यतो करू नका. जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर संसर्गाच्या काळात लोह कुलूपबंद करून ठेवतं. फेरिटिन त्या काळात चढलेलं दिसतं आणि खरी लोहाची कमतरता झाकली जाते.

ताप म्हणजे शत्रू

ताप जंतू आणत नाहीत, मेंदू चढवतो. भक्षक पेशींकडून निरोप येतो आणि मेंदू शरीराचं तापमान वर लावून ठेवतो. थंडी वाजते ती त्यासाठीच. वाढलेल्या तापमानात पांढऱ्या पेशींचं काम जोरात चालतं, तर काही जंतूंची वाढ मंदावते. म्हणून 100 ताप दिसला की लगेच गोळी घ्यायलाच हवी असं नाही. अंग फार दुखतंय, मूल पाणी पीत नाही, झोप लागत नाही, तर पॅरासिटामॉल जरूर द्या. पण ती आरामासाठी. गोळीनं ताप उतरला म्हणजे संसर्ग उतरला असं समजून कामावर जाऊ नका. अपवाद एकच पण पक्का : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 च्या वर ताप असेल तर घरी थांबायचं नाही.

उरलेल्या गोळ्या

शेंबूड हिरवा-पिवळा झाला की "इन्फेक्शन झालंय" म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन आणलं जातं. हिरवा रंग कुठून येतो ते वर सांगितलंच. तो तुमच्याच पेशींचा. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो येतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

यात आणखी एक गैरसमज दडलेला असतो. लोकांना वाटतं, जंतू मारतं ते औषध. काही औषधं मारतात हे खरं, पण डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं मुख्यतः जंतूंची वाढ रोखतात. रोखलेले जंतू वेचून खायचं काम तुमच्या पेशींनाच करावं लागतं. म्हणून तीच गोळी धडधाकट मुलाला पुरते आणि केमोथेरपी चाललेल्या माणसाला पुरेलच असं नाही. मुलाला लागू पडली म्हणून बापाला द्यायची नसते.

कोर्सबद्दल : किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आता बऱ्याच आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स देतात. पण बरं वाटलं म्हणून आपणच दुसऱ्या दिवशी थांबवणं वेगळं. क्षयात तर नाहीच नाही. क्षयाचा जंतू भक्षक पेशीनं गिळला तरी तिच्याच पोटात मुक्काम करतो. औषधं सहा महिने चालतात ती त्या दडून बसलेल्यांसाठी. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

"प्रतिकारशक्ती वाढवणं"

हळद-दूध प्या, काढा प्या, घशाला बरं वाटतं. पण प्रतिकारशक्ती म्हणजे टाकी नाही, की भरली की झालं. ती बेताल वाढली तर स्वतःचेच सांधे खाते. आमवातात तेच होतं. तिला नेमकं शिकवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे लस.

1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला आणि सकाळी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. भक्षक पेशींची गोष्ट तिथे सुरू झाली. त्यांच्या हाताखाली ओडेसा शहरात शिकलेले शास्त्रज्ञ हाफकिन पुढे प्लेगच्या साथीत मुंबईत आले, आणि 10 जानेवारी 1897 ला भायखळ्याच्या प्रयोगशाळेत मेलेल्या प्लेगजंतूंची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

धनुर्वाताचं इंजेक्शन "मागे कधीतरी घेतलंय" हे उत्तर मी रोज ऐकते. धनुर्वाताचं विष इतकं जहाल असतं की माणूस मरेल एवढ्या मात्रेनंही शरीर ते ओळखायला शिकत नाही. धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही लस घ्यावी लागते. बूस्टर दर दहा वर्षांनी, आणि मातीची खोल जखम असेल तर शेवटचा डोस पाच वर्षांत झालाय का ते आठवा.

साखर न मोजणं

काकांना मधुमेह आहे हे काळपुळीनंच कळलं. रक्तात साखर चढलेली असली की न्यूट्रोफिल असतात पुष्कळ, पण उशिरा पोचतात आणि नीट गिळत नाहीत. त्यात पायाच्या नसा बधिर झालेल्या असतील तर ठणकाही कळत नाही. वारंवार गळवं, लवकर न भरणारी जखम, बायकांना पुन्हापुन्हा लघवीची जळजळ : आधी साखर बघा, मग लेप.

हरायला लागलंय हे न ओळखणं

जखमेपासून वर सरकणारी लाल रेघ, हुडहुडी भरून येणारा ताप, धाप, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं. यातलं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल, रात्र असली तरी. म्हाताऱ्यांत ताप न येताही हे होतं, "आजी आज गप्पगप्प आहेत" एवढंच घरच्यांच्या लक्षात येतं.

घरी करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. लाली जिथे संपते तिथे बॉलपेननं रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. काकांच्या मानेवर डॉक्टरांनी चीर दिल्यावर अशीच निळी रेघ मारली होती. इन्शुलिन सुरू झालं, कल्चरप्रमाणे औषध बदललं. चौथ्या दिवशी ते उपाशीपोटीची साखर द्यायला आले तेव्हा शर्टाची कॉलर खाली ओढून त्यांनी मान पुढे केली. लाली रेघेच्या दोन बोटं आत सरकली होती.