वाइड कॅरेक्टर वापरताय? या चुका टाळा

गोव्यात बिलाचा, पावतीचा किंवा सभासदांच्या यादीचा प्रोग्राम करायला घेतला की नावे तीन तऱ्हेची येतात: देवनागरी, साधी रोमन आणि पोर्तुगीज वळणाची, अक्षरांवर लाट नाहीतर खाली शेपूट असलेली. सी किंवा सी++ मध्ये लिहिणारा मग सगळीकडे डब्ल्यूचार-टी, म्हणजे इंग्रजीपलीकडची अक्षरेही ठेवता यावीत असा रुंद (वाइड) कॅरेक्टरचा प्रकार, टाकून मोकळा होतो. रडगाणे सुरू होते ते त्यानंतर.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे लिनक्सवर ‘पणजी’ छापायला जावे आणि पडद्यावर चार प्रश्नचिन्हे यावीत. फॉन्टला दोष देऊ नका. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याचे लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) नुसते ‘सी’ असते आणि त्या लोकेलला देवनागरी ठाऊक नसते. मेनच्या सुरुवातीलाच ते बदलणारे सेटलोकेल बोलवा, आणि शक्यतो फक्त एलसी-सीटाइपसाठी (लोकेलचा अक्षरांपुरता भाग). सगळेच बदलले तर एखाद्याच्या मशीनवर दशांश बिंदूचा स्वल्पविराम होतो आणि बिलातले आकडे बिघडतात. सेटलोकेलने नल (म्हणजे जमले नाही) परत केले का, तेही पाहा. डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या पेटीत चालवणाऱ्या साधनाच्या) छोट्या इमेजमध्ये मराठीचे किंवा कोकणीचे लोकेल बहुधा बसवलेले नसते, तिथे ‘सी.यूटीएफ-८’ चालून जाते (यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिप्यांना कोड देणाऱ्या युनिकोडची अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत).

दुसरी चूक जास्त छळते, कारण एररच दिसत नाही. आधी कुठेतरी प्रिंटएफने एक ओळ छापलेली असते आणि पुढे डब्ल्यूप्रिंटएफने (प्रिंटएफच्या वाइड जोडीदाराने) नावे छापायची असतात. नावे गायब! प्रत्येक स्ट्रीमवर (पडद्याकडे किंवा फाइलकडे जाणाऱ्या प्रवाहावर) जे फंक्शन पहिल्यांदा चालते त्यावरून तो स्ट्रीम साधा की वाइड हे ठरते, आणि एकदा ठरले की बदलत नाही. ग्लिबसीमध्ये (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) डब्ल्यूप्रिंटएफ अशा वेळी मुकाट्याने उणे एक परत करते, आणि ती किंमत कोण तपासतो? डीबगसाठी मध्येच घुसडलेला एक प्रिंटएफ एवढा गोंधळ घालायला पुरतो. शंका आली तर एफवाइड या फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट शून्य देऊन विचारा. उत्तर धन आले तर स्ट्रीम वाइड, ऋण आले तर साधा.

विंडोजवर नीट चालणारा कोड लिनक्सवर नेलात आणि ‘पणजी’ऐवजी एक तारा आणि थोडी मोकळी जागा आली, तर फॉरमॅट स्ट्रिंग उघडा. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूप्रिंटएफमध्ये टक्का-एस म्हणजे वाइड स्ट्रिंग. प्रमाण सीमध्ये मात्र साधी. ‘प’चा युनिकोडमधला कोड, सोळाच्या पायात, ०९२ए. इंटेलच्या मशीनवर मेमरीत आधी २ए, मग ०९, मग शून्ये. २ए म्हणजे तारा, ०९ म्हणजे टॅब, आणि शून्य आले की स्ट्रिंग संपली. टक्का-एल-एस लिहा, दोन्हीकडे चालते.

आता मुख्य गैरसमज: एक वाइड कॅरेक्टर म्हणजे एक अक्षर. ‘म्हापसा’ घ्या. यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, वाइड स्ट्रिंगची लांबी मोजणारे डब्ल्यूसीएसलेन सांगते ७, आणि वाचणाऱ्याला दिसतात तीन: म्हा, प, सा. पावतीच्या रकान्यात मावावे म्हणून दोन कॅरेक्टरांवर कापलेत तर ‘म्’ उरतो. शिवाय डब्ल्यूचार-टी लिनक्सवर ३२ बिटांचा, विंडोजवर १६ बिटांचा. देवनागरी १६ बिटांत बसते म्हणून विंडोजवर फरक कळत नाही. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीचा कोड ११६०० (हाही सोळाच्या पायात) पासून सुरू होतो. विंडोजवर तिथे प्रत्येक अक्षराला १६ बिटांचे दोन तुकडे लागतात. अक्षरे मोजायची किंवा तोडायची असतील तर आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी वापरा. नव्या प्रोग्रामसाठी माझे मत सरळ आहे: आत सगळीकडे यूटीएफ-८ ठेवा आणि विंडोजच्या फंक्शनला देताना तेवढ्यापुरते वाइड करा. सी++ मधले डब्ल्यूस्ट्रिंग-कन्व्हर्ट मात्र त्यासाठी नको, ते सी++१७ पासूनच कालबाह्य ठरले आहे.

शोध लागत नाही, ही तक्रारही येते. ‘किनाऱ्यावर’ मधला ऱ एकाच कोडने लिहिता येतो, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन कोडांनी. दिसायला सारखेच, तुलना करणाऱ्या डब्ल्यूसीएससीएमपीला वेगळे. साठवण्याआधी सगळे एनएफसी (युनिकोडचे एकसारखे, जोडलेले रूप) करून घ्या.

राहिल्या जुन्या फाइली. ‘कॉन्सेसांव’ हे आडनाव रोमनमध्ये लॅटिन-१ ने (एका अक्षराला एक बाइट देणाऱ्या जुन्या पद्धतीने) साठवलेले असेल तर त्यात ई७ (शेपटीवाला सी) आणि ई३ (लाटवाला ए) हे बाइट लागोपाठ येतात. यूटीएफ-८ च्या हिशेबात ई७ नंतर ई३ येऊच शकत नाही, त्यामुळे बाइटांची वाइड स्ट्रिंग करणारे एमबीएसटूडब्ल्यूसीएस उणे एक देते. उत्तर साइझ-टी या ऋण संख्या नसलेल्या प्रकारात असल्याने ती प्रचंड मोठी लांबी वाटते, आणि न तपासता लूप फिरवला की प्रोग्राम कोसळतो. अशी फाइल वाचण्याआधीच आयकॉन्व्ह या साधनाने यूटीएफ-८ मध्ये बदला, मूळ प्रत बाजूला ठेवून. आणि एकच फाइल दोनदा बदलू नका, नाहीतर प्रत्येक शेपटीवाल्या सीच्या जागी दोन भलतीच चिन्हे दिसू लागतील.