रेटिनाच्या पेशी सॉर्टिंगला नेताना

पेशी प्रकारानुसार वेगळ्या काढणारं मशीन, म्हणजे सॉर्टर, पुण्यात; आम्ही कोल्हापुरात. पहिल्या खेपेला पेशी इथंच सुट्या करून रात्रीच्या बसनं नेल्या. सकाळी नळीत नुसता शेंबूड! मेलेल्या पेशींतून सुटलेल्या डीएनएची ती तार. आता रेटिना (डोळ्याच्या आतला पडदा) अख्खी, हायबरनेट-ए द्रवात (चेतापेशी थंडीत जिवंत ठेवणारा), बर्फावर नेते आणि तिथं पोचल्यावरच पेशी सुट्या करणारं एन्झाइम, पपेन, लावते. ती डीएनएची तार तोडणारं एन्झाइम, डीएनेज, विसरू नका.

आधी हात बसवा. खाटकाकडून बकऱ्याचे ताजे डोळे आणा (तो विचारतोच, "मॅडम, ह्याचं करता काय?"). आतला जेलीसारखा द्रव पुरता काढा, नाहीतर सगळं चिकटतं. रेटिना भिजल्या टिश्यू पेपरागत सुटते. रुंद तोंडाच्या पिपेट-टिपनं हलकेच वरखाली करा, मग ४० मायक्रॉनची गाळणी. सॉर्टिंगच्या बफरमध्ये (पेशी ठेवायचा द्रव) कॅल्शियम-मॅग्नेशियम नको.

उंदराच्या रेटिनात रॉड पेशीच (अंधुक उजेडात पाहणाऱ्या) बहुसंख्य, गँग्लियन (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या) जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी. त्या हव्या असतील तर सिंगल-सेलआधी (एकेका पेशीचं वेगळं विश्लेषण) सॉर्टिंग कराच. तुलनेसाठी बिनरंगाचा आणि एकेका रंगाचा कंट्रोल नमुना सोबत ठेवा, मेलेल्या पेशी वगळायला डापी हा रंग. सॉर्टरचा नोझल (पेशी ज्यातून बाहेर पडतात ते तोंड) १०० मायक्रॉनचा मागा.

आणि मशीननं दाखवलेल्या आकड्यावर जाऊ नका. नळीत पेशी कमीच निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजा.