ठिपका बरोबर, रस्ता चूक: मोबाईल-टॅबवरच्या नॅव्हिगेशनमध्ये या चुका टाळा

‘जीपीएसनं नाल्यात नेऊन सोडलं’ ही तक्रार वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत कुठेही ऐकायला मिळते. त्यात जीपीएसचा दोष क्वचितच असतो. उपग्रहांवरून तुमची जागा काढणं, त्या जागेखाली नकाशा दाखवणं आणि त्या नकाशावरून वाट ठरवणं ही तीन वेगळी कामं आहेत. नेमकं कोणतं बिघडलंय हे न बघता फोन रीसेट करणं किंवा ॲप काढून पुन्हा टाकणं ही पहिली चूक. ॲपबरोबर उतरवून ठेवलेला ऑफलाइन नकाशाही जातो, आणि तो परत घ्यायला तिथे रेंज नसते.

तपासणी सोपी आहे. रेंज असताना एसटी स्टँड किंवा पाण्याची टाकी अशा ओळखीच्या जागी उघड्यावर उभे राहा आणि सॅटेलाइट चित्र चालू करा. निळा ठिपका पाच-सात मीटरच्या आत आला, तर जीपीएस ठीक आहे. चूक नकाशात किंवा तुम्ही टाकलेल्या पत्त्यात शोधा.

ठिपका उमटतच नाही

‘नेट नाही म्हणून जीपीएस चालत नाही’ हा समज काढून टाका. फोन उपग्रहाचे संदेश फक्त ऐकतो, त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही जागा कळते. नेटचा फायदा वेगळा आहे: कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती नेटवरून काही सेकंदांत मिळते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून ५० बिट प्रति सेकंद इतक्या कूर्मगतीने घ्यावी लागते. तो संदेश दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. मध्येच झाड किंवा कडा आडवा आला की पुढच्या फेरीची वाट बघणं आलं. चिखलदऱ्याच्या घाटात चालत्या जीपमध्ये फोन दहा-दहा मिनिटं ‘शोधत आहे’ म्हणत बसतो तो यामुळे. गाडी उघड्या जागी थांबवा, फोन बोनेटवर पाठ खाली करून ठेवा आणि दोन-तीन मिनिटं हलवू नका. जागा पक्की व्हायला किमान चार उपग्रह लागतात.

त्याहून बरं म्हणजे परतवाड्याला रेंज असतानाच नकाशा उघडून ठिपका स्थिर होऊ द्या. एकदा मिळालेली माहिती दोन ते चार तास कामी येते, तेवढ्यात तुम्ही सेमाडोहच्या पुढे असता.

तरीही जमत नसेल तर जीपीएसटेस्ट हे फुकट ॲप टाकून उपग्रहांच्या सिग्नलचे आकडे बघा. उघड्या आभाळाखाली बरेच उपग्रह ३५ च्या वर दिसायला हवेत. सगळे २० च्या आसपास घुटमळत असतील तर फोनचं धातूचं कव्हर, ट्रॅक्टरचं टिनाचं छत किंवा काचेवरची धातूचा थर असलेली सनफिल्म आड येतेय. आकडे चांगले, पण ठिपका एक-दोन किलोमीटर भरकटलेला असेल, तर ॲपच्या परवानग्यांत ‘अचूक लोकेशन’ बंद असतं. बॅटरी सेव्हर हा दुसरा गुन्हेगार: काही फोनमध्ये स्क्रीन काळी झाली की तो लोकेशनच थांबवतो. ठिपका जागेवर, पण बाण उलट्या दिशेला असेल तर दोष होकायंत्राचा. चुंबकाचा मोबाईल स्टँड काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा.

टॅब घेताना एक हमखास फसगत होते. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं. सिम लागणाऱ्या मॉडेलमध्ये असतं. नागपुरात दुकानात तो ठिपका छान दाखवतो, कारण आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतो. कुरखेड्याच्या पुढे तो अंदाज संपतो. दुसऱ्या कंपनीचा वायफाय टॅब असेल तर घेण्याआधी तपशिलात जीपीएस लिहिलंय का ते वाचा.

जुना हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र, वापरत असाल तर त्याची तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवड्यांनी मोजणी शून्यावर येते. आपल्या घड्याळाने ७ एप्रिल २०१९ च्या पहाटे ती आली होती. फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट न केलेली काही यंत्रं तेव्हापासून साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबरच मिळते, पण नोंदींच्या तारखा निकामी होतात.

आकडे टाकतानाची चूक

सर्वांत जास्त डिझेल इथेच जळतं. नागपूर शहराचा अक्षांश २१ अंश ८ मिनिटं ४५ सेकंद. हाच दशांशात २१.१४५८ होतो, कारण मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचं असतं. पुष्कळ जण सरळ २१.०८४५ टाकतात आणि जवळपास सात किलोमीटर दक्षिणेला पोचतात. ही चूक लक्षात येत नाही हाच त्रास, कारण ठिपका त्याच परिसरात पडतो. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल तरी लगेच कळते: २१ आणि ७९ उलटे टाकले की नकाशा नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डच्या बर्फात उघडतो.

मोजणी किंवा वनखात्याच्या कामात यूटीएम आकडे येतात. या पद्धतीत जागा अंशांऐवजी मीटरमध्ये सांगतात आणि पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात. ७८ अंश रेखांश विदर्भाच्या मधून जातो. पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. अमरावती शहर ४३ मध्ये, त्याच जिल्ह्यातलं वरुड ४४ मध्ये. पुसद ४३, यवतमाळ ४४. झोन चुकला की ठिकाण सहा अंश, म्हणजे सहाशे किलोमीटरहून जास्त सरकतं. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षणाच्या छापील नकाशावरून) आकडे उचलले असतील तर डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजताना धरलेला पृथ्वीचा आकार, तपासा. ती टोपोशीटं एव्हरेस्ट नावाच्या डेटमवर आहेत, फोन डब्ल्यूजीएस-८४ या डेटमवर. न बदलता टाकले तर विदर्भात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो.

गाव तेच, पण दुसरं

चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार एकाच जिल्ह्यात आहेत. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वरही. बोरगाव, पिंपळगाव, वडगाव तर मोजता येणार नाहीत इतके. नुसतं नाव टाकून पहिलाच पर्याय दाबू नका. तालुका लिहा, आणि दाखवलेलं अंतर तुमच्या अंदाजाशी जुळतं का ते बघा. शिवाय महसुली नोंदीत गाव असतं पण वस्ती नसते, अशी रिठी गावंही कधी नकाशावर नावानिशी दिसतात. तिथे पोचलात तर फक्त वावरं भेटतील. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे जिथे जायचंय तिथल्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवणं. तेही त्याने ‘सध्याचं लोकेशन’ घराबाहेर उभं राहून पाठवलेलं हवं.

पांदण म्हणजे रस्ता नव्हे

ॲपला पांदणीतली काळी माती कळत नाही. मे महिन्यात जी वाट टणक असते, तीच जुलैत चाकाला गोळे बांधते. शेवटचे पाच किलोमीटर सॅटेलाइट चित्रात मोठे करून बघा: रेघ नाला ओलांडते तिथे पूल आहे, रपटा आहे की काहीच नाही? पावसाळ्यात दहा किलोमीटरचा फेरा पडला तरी डांबरीच धरा. वाटेत विचारताना ‘चारचाकी निघते का’ असं विचारा. बंडी आणि ट्रॅक्टर कुठूनही निघतात.

दुचाकीवर असाल तर ॲपमध्येही दुचाकी निवडा, नाहीतर ते तुम्हाला समृद्धी महामार्गावर चढवायला बघेल. तिथे दुचाकीला बंदी आहे. गुगलच्या ऑफलाइन नकाशात मात्र फक्त मोटारीचा मार्ग मिळतो, पायी चालण्याचा नाही. जंगलातल्या काही रस्त्यांवर वनविभागाची नाकी रात्री बंद होतात, तेही ॲपला माहीत असेलच असं नाही.

ऊन आणि चार्जर

ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांचं हवामान योग्य मानतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डॅशबोर्ड त्याहून तापतो. मग स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं, शेवटी फोनच बंद पडतो. स्टँड काचेवर न लावता एसीच्या झडपेवर लावा. एसी नसेल तर स्क्रीन बंद ठेवून नुसत्या आवाजावर चाला. जुन्या कार स्टिरिओच्या यूएसबीतून अर्धा अँपिअरच मिळतो, त्यामुळे चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरत जाते. सिगरेट सॉकेटमध्ये बसणारा किमान २ अँपिअरचा चार्जर घ्या.

वावर मोजायचं ॲप वापरत असाल तर त्याचा आकडा खरेदी-विक्रीत किंवा धुऱ्याच्या भांडणात धरू नका. चौकोनी एक एकराची बाजू साधारण ६४ मीटर. चालताना चारही बाजूंनी नुसता एक मीटर बाहेरून फिरलात तरी क्षेत्र अडीच आरने (अडीचशे चौरस मीटरने) वाढतं, आणि फोनची स्वतःची चूक चार-पाच मीटरची असते ती वेगळी.