पूलची स्पर्धा भरवताय? नियम आधी भिंतीवर लावा

डोंबिवलीत आमच्या पार्लरमध्ये महिन्यातल्या एका रविवारी एट-बॉलची स्पर्धा असते. पांढऱ्या बॉलने आपले सात बॉल आणि शेवटी आठ नंबरचा काळा पॉकेटमध्ये घालायचा, असा हा पूलचा खेळ. खेळाडू ३२, टेबलं चार, आणि पंच मी एकटा. सोमवार ते शनिवार मी छापखान्यात मशीनवर असतो आणि रविवारी इथे. याला आता नऊ वर्षं झाली. नव्याने स्पर्धा भरवणारी मंडळी हमखास विचारतात, "काका, एवढे कडक नियम ठेवले तर हौशी पोरं भांडत नाहीत का?" पोरं भांडायची ती आधी, नियम सैल होते तेव्हा. चार टेबलांना एक पंच म्हटल्यावर निम्म्याहून जास्त फाउल मला दिसतच नाहीत. ते खेळाडूनेच सांगावे लागतात. आणि समोरच्यालाही हाच नियम लागणार आहे याची खात्री असली, तरच माणूस स्वतःचा फाउल मोकळेपणाने सांगतो.

लहानपणी चाळीत कॅरम खेळलेल्याला हे वेगळं सांगायला नको. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला की ड्यू भरायचा, त्यावर चर्चा नाही. स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकला नसेल तर समोरचा ओरडणारच, आणि त्याचा कुणाला रागही येत नाही. पूलमध्ये अडचण एवढीच की प्रत्येक पार्लरचे नियम वेगळे. कुणाकडे फाउलनंतर दोन चाली मिळतात, कुणाकडे पांढरा लाइनच्या मागूनच खेळावा लागतो, तर कुणाकडे पाहिजे तिथे ठेवता येतो. तीन पार्लरची पोरं एका स्पर्धेत आली की तिघंही आपापल्या जागी खरी असतात.

म्हणून पहिलं काम, एकच नियमावली धरा. आम्ही वर्ल्ड पूल असोसिएशनची धरली आहे. तिच्यातली वादाची कलमं मी मराठीत, मोठ्या टायपात, एका कागदावर छापतो आणि तो भिंतीवर लावतो. सगळी नियमावली छापू नका, कुणी वाचत नाही. जिथे घरचा नियम आणि स्पर्धेचा नियम वेगळा पडतो तेवढंच घ्या.

आमच्या कागदावर पहिला मान काळ्याचा, कारण अर्धी भांडणं त्याच्यावरून होतात. ब्रेकवर, म्हणजे रचलेले बॉल फोडायच्या पहिल्या फटक्यावर, काळा गेला तर गेम जिंकला असं बहुतेक पोरांना वाटतं. तसं नाही. ब्रेक करणाऱ्याने तो परत स्पॉटवर (टेबलावरच्या खुणेच्या जागी) ठेवून पुढे खेळायचं किंवा पुन्हा ब्रेक करायचा, निवड त्याची. त्याच ब्रेकवर पांढराही गेला असेल तर निवड समोरच्याची: काळा स्पॉटवर ठेवून पांढरा हातात घ्यायचा (म्हणजे पाहिजे तिथे ठेवायचा) किंवा पुन्हा ब्रेक. दुसरा गैरसमज, काळ्यावर खेळताना पांढरा गेला की गेम गेला. काळा आत गेलाच नसेल तर तो साधा फाउल आहे, समोरच्याला पांढरा हातात मिळतो, बस. फ्रेम, म्हणजे तो गेम, जाते ती अशी: काळा घालताना फाउल झाला, आपले सगळे छोटे (१ ते ७) किंवा मोठे (९ ते १५) संपायच्या आत काळा गेला, सांगितलेलं पॉकेट सोडून दुसऱ्याच पॉकेटमध्ये गेला, किंवा टेबलावरून खाली उडाला. हे चार प्रकार मी लाल शाईत छापतो.

त्याखाली कुशनचा, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाचा, नियम. पांढरा आधी आपल्या बॉलला लागला पाहिजे, आणि त्यानंतर एखादा बॉल पॉकेटमध्ये तरी गेला पाहिजे नाहीतर कोणताही एक बॉल कुशनला तरी लागला पाहिजे. हळूच पांढरा नेऊन चिकटवून ठेवणारे इथे अडकतात. ब्रेकलाही एक बॉल तरी जायला हवा, नाहीतर किमान चार बॉल कुशनला लागायला हवेत.

शर्टाची बाही, हात किंवा स्टिक चुकून दुसऱ्या बॉलला लागली तर आम्ही फाउल देत नाही, कारण प्रत्येक टेबलापाशी पंच नसतो. हललेला बॉल परत ठेवायचा की तिथेच राहू द्यायचा हे समोरचा ठरवतो. पांढऱ्याला लागलं तर मात्र फाउल, कितीही हलकं लागलेलं असो.

सकाळी सव्वानऊला सगळ्यांना भिंतीपाशी उभं करून मी हा कागद मोठ्याने वाचतो. दहा मिनिटं लागतात. मग कुणालाही हात दाखवून विचारतो, "ब्रेकवर काळा गेला, काय करशील?" उत्तर चुकलं की सगळे हसतात, पण नियम डोक्यात बसतो. शेवटी ड्रॉच्या तक्त्यावर प्रत्येकाची सही. ही सही पुढे फार कामाला येते.

वेळेचा नियम, आणि माझी चूक

आमच्याकडे तीन फ्रेम आधी जिंकेल तो पुढे जातो. एका सामन्याला साधारण चाळीस मिनिटं धरा. पहिल्या फेरीचे १६ सामने चार टेबलांवर म्हणजे चार पाळ्या, दुसऱ्या फेरीच्या दोन, मग उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम यांची एकेक. नऊ पाळ्या, सहा तास. सुरुवातीला एकासाठी वीस मिनिटं थांबलात तर ती वीस मिनिटं शेवटपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर बसतात.

तिसऱ्या वर्षी मी यात चुकलो. बदलापूरहून एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. तो सोळाव्या मिनिटाला पोचला. नियम पंधराचा, मी त्याला बाद केलं. तो काही न बोलता जिन्यात जाऊन बसला. त्यानंतर तासाभराने आमच्याच पार्लरचा एक चांगला खेळाडू, माझा मित्र, उशीर करत होता. फोनवर "आलोच, आलोच" चाललं होतं, आणि मी पंचवीस मिनिटं थांबलो. सामना सुरू झाला तेव्हा तो मुलगा जिन्यातून वर आला, टेबलाकडे बघितलं आणि मला म्हणाला, "काका, मला बाद केलंत ते बरोबर होतं. हे चुकलं." मी त्याची प्रवेश फी परत द्यायला गेलो, त्याने घेतली नाही. तो पुन्हा कधी आला नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून घड्याळ भिंतीवर, नियमाच्या कागदाशेजारीच. नाव पुकारल्यापासून दहा मिनिटं झाली की एक फ्रेम गेली, पंधराव्या मिनिटाला सामना गेला. फोन आला तरी उत्तर तेच. पण कडकपणा करायचा तर आपणही आधी विचार करायला हवा. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो हे आपल्याला ठाऊक आहे, आणि तो बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो. म्हणून पहिला ब्रेक साडेनऊला. शनिवारी संध्याकाळी ब्लॉक कुठून कुठे आहे ते बघून ग्रुपवर टाकतो, आणि कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्यांना शक्यतो पहिल्या पाळीत ठेवत नाही. ड्रॉ आधी चिठ्ठ्यांनीच निघतो, फक्त पाळी कोणती ते मी ठरवतो, आणि तसं सगळ्यांना सांगूनच.

फाउल बघायचा कसा

सगळ्यात अवघड म्हणजे डबल हिट. पांढरा आणि समोरचा बॉल यांच्यात खडूच्या ठोकळ्याएवढीही जागा नाही आणि खेळाडू सरळ रेषेत मारतोय. स्टिकचं टोक पांढऱ्याला लागतं, पांढरा पुढच्याला लागून थबकतो आणि तेवढ्यात स्टिक त्याला पुन्हा लागते. कानाला दोन टक ऐकू येतात असं म्हणतात, पण पार्लरमधल्या गोंगाटात कानावर विसंबू नका. पांढऱ्याच्या चालीकडे बघा. सरळ आणि मध्यावर मारलं तर पांढरा तिथेच थांबायला हवा. वरच्या बाजूला मारलं असेल तर तो क्षणभर अडेल आणि मग स्वतःच्या फिरकीने पुढे सरकेल. तो जर पुढच्या बॉलच्या पाठोपाठ, त्याच झपाट्याने, न अडता निघाला तर स्टिक दोनदा लागली. हे बघायला खेळाडूच्या मागे उभं राहून उपयोग नाही. रेषेच्या बाजूला जा, गुडघ्यांवर बसा, डोळे कापडाच्या उंचीला आणा आणि नजर दोन बॉलमधल्या फटीवर ठेवा. हाताकडे बघायचं नाही.

दोन्ही बॉल चिकटलेले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे नेहमीसारखा एक सरळ फटका मारायला हरकत नाही. पण चिकटलेत की नाहीत हे शॉटच्या आधी ठरवून मोठ्याने सांगायचं. शॉट झाल्यावर "चिकटलेला होता" याला काही अर्थ नाही. कुशनला चिकटलेल्या बॉलचंही तसंच, आधी जाहीर करा. तो आधीच कुशनला टेकलेला आहे, त्यामुळे तो तसाच राहिला तर कुशनला लागल्याचं धरत नाहीत.

आपला आणि परका असे दोन बॉल एकदमच लागले आणि आधी कोणता ते कळलंच नाही, तर आपला आधी लागला असं धरतात. हे नियमातच आहे. पंचाने अंदाजाने फाउल देऊ नये.

खेळाडूंना एक सवय जरूर लावा. समोरचा अडचणीचा शॉट घेतोय असं वाटलं तर शॉटच्या आधी हात वर करायचा आणि म्हणायचं, "थांब, काकांना बघू दे." सुरुवातीला पोरांना हा अविश्वास वाटतो. मी सांगतो, तुझ्याच शॉटची कुणी नंतर शंका घेऊ नये म्हणून हे आहे. फाउल पुकारायचा तो पुढचा शॉट व्हायच्या आत. पुढचा शॉट झाला की मागचा फाउल संपला, मग जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोलणं नको.

तुम्ही फाउल द्याल तेव्हा एकच शब्द: "फाउल." मग कारण एका वाक्यात: "कुशन नाही." भाषण नको. बॉलला हात लावू नका, कुणाच्या खांद्यावर हात ठेवू नका. नवख्याला समजवायचं असेल तर सामना संपल्यावर बाजूला घेऊन, टेबलावर तोच शॉट मांडून दाखवा.

बाकीचं थोडक्यात. शॉटच्या रेषेत उभं राहणं, खडू करकर घासणं, मध्येच खोकणं, बाकावरून मित्राने "लेफ्ट साइड दे" म्हणून सुचवणं याला एक ताकीद आणि दुसऱ्यांदा फ्रेम. शेवटच्या फ्रेममध्ये समोरचा खेळत असताना स्वतःची जोडाची स्टिक उघडायला घेतली तर हार मान्य केली असं आम्ही धरतो. पैजा लावताना दिसला तर तो खेळाडू असो की बघ्या, बाहेर. इथे मी ताकीदही देत नाही. पूल पार्लर म्हणजे टवाळांची जागा असं अजून कित्येक घरांत म्हणतात. मुलाबरोबर वडील चौकशीला आले की मी त्यांना आधी भिंतीवरचा कागद दाखवतो आणि सांगतो, भारताला कोणत्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता याच हिरव्या कापडाने दिला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, १९५८ साली कोलकात्यात, बिलियर्ड्समध्ये. पैजांचं टेबल शेजारी चालू असेल तर हे कुठल्या तोंडाने सांगणार?

स्वतःहून सांगितलेला फाउल

गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात दोन-दोन फ्रेम झाल्या होत्या. टेबलावर फक्त काळा आणि पांढरा. शॉट होता सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलाचा, सरळ आणि सोपा. मी पलीकडच्या टेबलापाशी होतो. तो वाकला, स्टिक दोनदा मागेपुढे केली आणि न मारताच उभा राहिला. "काका, फाउल. बाही लागली पांढऱ्याला." समोरच्यानेही बघितलं नव्हतं. पांढरा दिसण्याइतका हललाही नव्हता.

समोरच्याने पांढरा हातात घेतला, काळ्याच्या मागे नीट सरळ ठेवला आणि सामना जिंकला. बाकावरून कुजबुज सुरू झाली, की निदान अवघड जागी तरी ठेवायचा होता. मी तिथेच सगळ्यांना थांबवलं. त्या मुलाने खरं सांगितलं ते नियम खरा मानून. समोरच्याने मुद्दाम चुकीच्या जागी पांढरा ठेवला असता तर त्या खरं सांगण्याची किंमत राहिली नसती. मला दोघंही सारखेच चोख वाटले. असं झालं की खरं सांगणाऱ्याला निकालात सूट देऊ नका आणि हक्काचा फायदा घेणाऱ्याला अपराधी करू नका. त्या मुलाचा हात मी सगळ्यांसमोर हातात घेतला, तक्त्यावर निकाल लिहिला आणि अंतिम सामन्याचं नाव पुकारलं.

प्रत्येक स्पर्धेनंतर त्या दिवसाचे वाद मी वहीत लिहून ठेवतो, आणि पुढच्या महिन्याचा कागद छापताना लागेल ती ओळ वाढवतो. त्या रविवारनंतर तळाशी एक ओळ आली: सैल बाह्या दुमडून घ्या. पुढच्या महिन्यात तो मुलगा आला तेव्हा कागद वाचता वाचता तिथे थांबला, आणि कोपरापर्यंत बाह्या वर घेऊन सही करायला आला.