पुरात निर्णय कोणाचा? दिल्ली ते ग्रामपंचायत: या चुका टाळा

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर या वैनगंगेवरील धरणातून सोडलेले पाणी खाली आले, भंडारा जिल्ह्यातील गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगाकाठची अनेक गावे पाण्यात गेली. दोन राज्ये, केंद्रीय जल आयोग, पाटबंधारे विभाग, जिल्हाधिकारी आणि ग्रामपंचायत एवढ्या हातांतून निर्णय जातो, तेव्हा चुका सहसा दोन हातांच्या मधल्या जागेत होतात.

पहिली चूक म्हणजे वरून पत्र येईपर्यंत थांबणे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. परंतु त्याच कायद्याचे कलम ४१ ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांवरही तयारीची आणि मदतकार्याची जबाबदारी टाकते. म्हाताऱ्यांना रात्रीच शाळेत हलवायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, शाळेची किल्ली कोणाकडे आहे एवढे मात्र ठाऊक असावे लागते.

याहून मोठी चूक म्हणजे विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा, आकडा जसाच्या तसा पुढे ढकलणे. ‘इतके हजार क्युमेक (घनमीटर प्रतिसेकंद) सोडले’ हा संदेश अभियंत्यासाठी पूर्ण असतो, पण रपट्यापलीकडे (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापलीकडे) धान लावलेल्या शेतकऱ्याला त्यातून काहीच उमगत नाही. कोणत्या विसर्गाला रपटा बुडतो, पाणी गावाच्या वेशीपर्यंत यायला किती तास लागतात आणि मागच्या पुराची खूण कोणत्या भिंतीवर आहे, हे सरपंच व पोलीस पाटील यांनी शाखा अभियंत्यासोबत बसून मृगापूर्वीच लिहून ठेवावे, म्हणजे कोतवालाच्या दवंडीत आकड्याऐवजी वेळ सांगता येईल.

पहिल्या चुकीच्या उलट, रस्ता किंवा बांध फोडून पाणी काढण्याचा निर्णय गावाने परस्पर घेऊ नये, कारण ते पाणी खालच्या गावात शिरते. तहसीलदारांना कळवूनच हे ठरवावे.

पंचनाम्याच्या वेळी गल्लत पुन्हा होते. पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान हा मदतीचा निकष केंद्राचा, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के; त्यामुळे मदतीच्या दरासाठी तलाठ्याशी भांडून हाती काही लागत नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (या पदांची अधिकृत नावे आता बदलली आहेत, गावात हाक मात्र जुन्याच नावाने) शिवारात येतील तेव्हा जमिनीचा एकही गट क्रमांक सुटू नये, हे पाहणे मात्र गावाच्या हाती आहे, आणि यादी चावडीवर लागताच ती वाचून हरकत नोंदवणेही.