पावसाळ्यात शेळ्यांचे जंत: बाटली उघडायच्या आधी डोळा बघा

आपल्याकडे रीत काय, मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा अख्ख्या कळपाला जंताचं औषध पाजायचं आणि मोकळं व्हायचं. कोकणातल्या पावसात एवढ्याने भागत नाही, ओल आणि उबारा दोन्ही असल्यावर लेंडीतल्या अंड्यातून अळी निघून आठवडाभरात गवताच्या पात्यावर चढते. मेंढ्यांचंही हेच, पण आपल्याकडे मेंढ्या कोण पाळतंय, म्हणून शेळ्यांचंच सांगतो.

खरा वैरी हिमोंकस नावाचा जंत. शेळीच्या चौथ्या पोटात चिकटून रक्त पितो आणि एकेक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. आणि नुसता हिमोंकस असेल तर हगवण बहुतेक लागतच नाही, लेंड्या छान गोळीबंद, म्हणून लोक फसतात. शेळी मागे रेंगाळायला लागते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, संध्याकाळी चरून आल्यावर जास्त आणि सकाळी थोडी ओसरलेली. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो.

म्हणून पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी डोळे बघा. शेळी उजेडात आणा, मांगरातल्या बल्बखाली नको. एका अंगठ्याने वरच्या पापणीवरून डोळा हलकेच आत दाबा, दुसऱ्याने खालची पापणी ओढा आणि आतल्या कडेचा रंग बघा. याला फमाचा म्हणतात, दक्षिण आफ्रिकेतून आलेली पद्धत, १ म्हणजे लालभडक आणि ५ म्हणजे पांढराफटक. ४ आणि ५ वाल्यांना औषध द्यायचंच, ३ असेल तर करडं, गाभण आणि नुकत्या व्यालेल्यांना द्या, बाकीच्यांना राहू दे. सगळ्यांना दर वेळी पाजलं की औषधाला दाद न देणारे जंत तेवढे उरतात आणि पुढची सगळी पैदास त्यांचीच.

डोस वजनावरच द्या, अंदाजपंचे नको. शेळीला मेंढीपेक्षा डोस जास्त लागतो कारण तिचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे लेबलवरचा मेंढीचा डोस कमी पडतो. अल्बेंडाझोल शेळीला किलोला १० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे अडीच टक्क्यांचं औषध २० किलोच्या शेळीला ८ मिली, तरी एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको. लेव्हामिसोल तर अंदाजाने अजिबात नको, जास्त झालं तर विषबाधा होते. पाजताना मान फार वर करू नका, ठसका लागून औषध फुफ्फुसात जातं, सिरिंज गालाच्या कडेने जिभेच्या मागे न्या.

औषध लागू पडलं का ते लेंडीच सांगते. पाजायच्या दिवशी आणि नंतर १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या, जमिनीवरच्या नाही, हातमोजा घालून थेट काढलेल्या, पिशवीत बंद करून थंड ठेवा आणि त्याच दिवशी तपासायला द्या. फ्रीजरमध्ये मात्र टाकू नका. अंडी ९५ टक्क्यांनी तरी कमी व्हायला हवीत, नाहीतर औषधाचा गट बदलायचा, नुसतं कंपनीचं नाव बदलून उपयोग नाही.

खाचराच्या बांधावर चरणाऱ्यांचं गणित अजून वेगळं. तिथल्या गोगलगायींमुळे लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा जंत, होतो, त्यानेही डोळे पांढरे पडतात आणि जबडा सुजतो, पण नेहमीच्या तपासणीत त्याची अंडी वर तरंगत नाहीत, म्हणून दवाखान्यात 'फ्लूकसाठी पण बघा' असं मुद्दाम सांगा. त्याचं औषधही वेगळं. करडाच्या लेंडीत शिजलेल्या भातासारखे पांढरे तुकडे दिसले की लोकांचा जीव वरखाली होतो, ते फितीसारखे जंत, तेवढा त्रास देत नाहीत.

दंव उडाल्यावरच चरायला सोडा, चार बोटांपेक्षा आखूड गवतावर नको, बहुतेक अळ्या तिथेच असतात. फणसाचे, शेवरीचे टाळ दावणीला उंच टांगले की शेळी मान वर करून खाते, पोटात अळ्याही कमी जातात. बाजारातून आणलेली नवीन शेळी औषध पाजून दोनेक आठवडे वेगळी बांधा, लेंडी तपासून झाली की मगच कळपात.